भर पाण्यात मगर खरं का बोलते?

प्रश्न: मी सोलापुरात चौथीच्या वर्गाला शिकवते. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे आणि मुलांना घेऊन माकड-मगरीची गोष्ट बसवायची आहे, वीस मिनिटांत. तयारीसाठी चार पुस्तकं काढली तर चारही गोष्टी वेगळ्या निघाल्या. एकीत मगरीण हावरट आहे, एकीत ती आजारी आहे, एकीत माकड आणि मगर यांची मुळी मैत्रीच नाही, आणि एकीत शेवटी मगर माफी मागते नि दोघं पुन्हा मित्र होतात. यातली खरी कोणती आणि मी कोणती घेऊ?

बाई, पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकच गोष्ट सांगता सांगता बिघडली, असं झालेलं नाही. त्या तीन वेगळ्या घराण्यांत वाढलेल्या चुलत बहिणी आहेत, आणि तिन्ही घराणी हजार वर्षांहून जुनी आहेत. चौथीबद्दल माझं मत कडक आहे, ते पुढे येईल.

मी गेली तीस वर्षं सोलापुरात मुलांची नाटकं बसवते. ही एक गोष्ट अकरा वेळा बसवली: शाळांच्या पटांगणांवर, गल्लीतल्या गणपतीपुढे, उन्हाळी शिबिरांत, आणि दोनदा हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर. आता या गोष्टीचं कोणतंही रूप हातात आलं की मी आधी एकच जागा शोधते. माकड पाठीवर बसलंय, चहूकडे पाणी, काठ लांब गेलाय. मगरीने तोंड मिटून घेतलं तरी पुरे, काम फत्ते आहे. आणि नेमकी तिथेच ती बोलते: तुला मारायला नेतेय. का बोलते? गप्प राहिली असती तर गोष्टच उरली नसती. सांगणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलंय. ते उत्तर कळलं की मैत्री होती की नव्हती, बायको कशी आहे, शेवट कसा होणार, हे सगळं मागोमाग उलगडतं. (मराठीत मगर आणि सुसर दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून तूर्त मी 'ती' म्हणतेय. नवरा-बायकोचा गुंता पुढे सोडवू.)

तुमचं मैत्री नसलेलं पुस्तक जातककथांवरून, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींवरून आलेलं आहे. पाली जातकांत २०८ व्या क्रमांकाला सुंसुमार जातक आहे. सुंसुमार म्हणजेच आपली सुसर. बोधिसत्त्व माकडाच्या जन्माला आलाय, गंगेच्या काठी राहतोय, अंगाने धिप्पाड आहे. पाण्यातल्या जोडप्यातल्या बायकोला त्याचं काळीज खायची इच्छा होते, आणि पालीतला त्यासाठीचा शब्द आहे 'दोहळ', म्हणजे आपले डोहाळे. नवरा काठावर येतो आणि माकडाला म्हणतो, इथली तीच ती फळं काय खात बसलास, पलीकडे आंबे-फणस लगडलेत, चल पाठीवर. दोघांची आधी ओळखही नाही. मध्यावर पोचल्यावर तो माकडाला पाण्यात दाबायला लागतो. माकड विचारतं, हे काय चाललंय? आणि तो सांगतो, मी काही चांगुलपणाने तुला नेत नाहीये.

इथे तो खरं बोलतो कारण त्याच्या दृष्टीने शिकार झालेली आहे. आता लपवायचं कुणापासून? माकडाचं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणतं, अरे, आमचं काळीज पोटात असतं तर फांद्या-फांद्यांवरून उड्या मारताना त्याचा केव्हाच चुरा झाला असता. ते बघ, पलीकडच्या उंबरावर लटकतंय. पिकलेल्या लालसर उंबरांचे घोस लांबून दिसताहेत आणि सुसरीला ते पटतं. काठावर उडी मारल्यावर माकड सुनावतं की तुझा देह मोठा, पण अक्कल त्या मापाची नाही. ही बळ आणि बुद्धीची झुंज आहे. मैत्री नसल्यामुळे दगाही नाही आणि कुणाचं मन मोडत नाही.

याच संग्रहात ५७ व्या क्रमांकाला वानरिंद जातक आहे. त्यात माकड रोज नदीतल्या एका खडकावर उडी मारून बेटावर जातं. संध्याकाळी परतताना खडक जरा उंच वाटतो, तेव्हा ते खडकालाच हाक मारतं. एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणतं, का रे खडका, आज ओ देत नाहीस? खडकावर दबा धरून बसलेली सुसर विचार करते, रोज हा खडक ओ देत असणार, आणि स्वतःच ओ देते. इथेही ती बोलते आणि बोलल्यानेच सापडते. पाच मिनिटांचा प्रवेश करायचा असेल तर याच्याइतका चांगला दुसरा नाही. पहिलीच्या मुलांनाही तो कळतो आणि प्रेक्षकांतली मुलं 'बोलू नको, बोलू नको' असं सुसरीला ओरडून सांगतात.

आता पंचतंत्र. त्याच्या चौथ्या तंत्राचं नाव लब्धप्रणाश, म्हणजे हाती आलेलं गमावणं. हे नाव नीट ऐका. गमावलं कुणी? माकडाने काहीच गमावलेलं नाही. म्हणजे विष्णुशर्म्याच्या राजपुत्रांना धडा मिळतो तो मगरीच्या बाजूने: मिळालेली वस्तू तोंडाने कशी घालवू नये. आपल्या मुलांच्या पुस्तकांनी तो उचलून माकडाच्या बाजूला नेऊन ठेवला, 'संकटात डोकं शांत ठेवा' म्हणून. हा मोठा बदल आहे आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

पंचतंत्रात माकडाचं नाव रक्तमुख, मगरीचं करालमुख. समुद्राकाठी बारमाही फळणारी जांभूळ आहे. करालमुख रोज येतो, गप्पा होतात, उरलेली जांभळं तो घरी बायकोसाठी नेतो. ती म्हणते, जो रोज अशी अमृतासारखी फळं खातो त्याचं काळीज तर अमृतच असणार, ते आण. तो म्हणतो, तो मला भावासारखा आहे. मग तिला संशय येतो की हा मित्र नसून कुणी मैत्रीण आहे, आणि ती अन्नपाणी सोडते. म्हणजे तुमच्या पहिल्या पुस्तकातली 'हावरट' मगरीण मुळात संशयाने पेटलेली बायको आहे. मुलांसाठी लिहिताना तो संशय काढला की हातात नुसती हाव उरते, आणि नुसती हाव हे रंगमंचावर फार पातळ पात्र होतं.

भर समुद्रात करालमुख मनात काय म्हणतो ते मूळ संस्कृतात स्वच्छ आहे. हा आता माझ्या ताब्यात आहे, पाठीवरून तिळभरही हलू शकत नाही, तर याला खरं सांगावं म्हणजे हा आपल्या इष्टदेवतेचं स्मरण तरी करील. बाई, या एका वाक्यात सगळं नाटक आहे. तिळभर गर्व आहे आणि तिळभर मायाही. मारायला निघालाय, पण मित्राला देवाचं नाव घ्यायची सवड द्यावी एवढा मित्र त्याच्यात शिल्लक आहे, आणि त्याच शिल्लक मैत्रीमुळे त्याचा डाव फसतो. रक्तमुख म्हणतो, मग काठावरच का नाही सांगितलंस? माझं काळीज जांभळीच्या ढोलीत ठेवलंय. दोघं परततात, माकड झाडावर चढतं आणि विचारतं, मूर्खा, कुणाला दोन काळजं असतात का?

बहुतेक पुस्तकं इथे संपतात. संस्कृतात गोष्ट अजून बरीच पुढे जाते. मगर पुन्हा गोडीगुलाबीने बोलावते, माकड झाडावरून एकामागून एक गोष्टी ऐकवतं. तेवढ्यात एक जलचर येऊन सांगतो की तुझी बायको उपाशी राहून मेली. मग कळतं की घरही दुसऱ्या मगरीने बळकावलंय. करालमुख ज्याला मारायला निघाला होता त्याच्याकडेच सल्ला मागतो. माकड आधी फटकारतं, मग सांगतं, जा आणि लढ. तो लढतो आणि घर परत मिळवतो. ११९९ साली पूर्णभद्र या जैन मुनीने पंचतंत्राचा जो विस्तृत पाठ सिद्ध केला त्यात हे सगळं आहे.

माकडाने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक मी प्रत्येक वेळी नाटकात ठेवते: लंबकर्ण गाढवाची. सिंह जखमी आहे, कोल्हा गाढवाला फूस लावून आणतो, सिंहाची झेप चुकते, गाढव पळतं. कोल्हा पुन्हा जाऊन त्याला भुलवतो आणि गाढव पुन्हा येतं, मरतं. सिंह स्नानाला गेला असताना कोल्हा गाढवाचे कान आणि काळीज खाऊन टाकतो. सिंह विचारतो, कुठे गेलं? कोल्हा म्हणतो, महाराज, याला कान आणि काळीज असतं तर एकदा तुम्हाला बघून हा परत आला असता का? जुन्या लोकांच्या लेखी विचार काळजात चालतो. एक माकड खोटंच म्हणतं की काळीज घरी राहिलं आणि वाचतं. एका गाढवाला खरंच काळीज नव्हतं असं ठरतं कारण ते परत आलं. ही गोष्ट शेजारी ठेवली की मुलांना मधल्या थापेचा अर्थ आपोआप लागतो, समजावून सांगावा लागत नाही.

तुमचं दुसरं पुस्तक, आजारी बायकोचं, बहुधा पश्चिमेकडून फिरून आलेलं आहे. सहाव्या शतकात इराणचा राजा खुस्रो अनुशिर्वानच्या काळात बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत, म्हणजे तेव्हाच्या फारसीत नेलं, आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून लिहिलं. तिथे मगर गेली आणि कासव आलं. माकडही बदललं: तो म्हातारा झालेला राजा आहे, एका तरुण माकडाने त्याला गादीवरून हुसकून लावलंय. एकटाच समुद्राकाठी अंजिराच्या झाडावर बसलाय. एक अंजीर हातातून निसटून पाण्यात पडतं, 'डुबुक' आवाज त्याला आवडतो, म्हणून तो एकेक टाकत राहतो. खाली कासवाला वाटतं, कुणीतरी आपल्यासाठीच फळं टाकतंय. त्या गैरसमजातून मैत्री सुरू होते. इतकी सुंदर सुरुवात संस्कृतातल्या जांभळीखालीही नाही, असं मला वाटतं.

मगरीच्या जागी कासव आल्याने काय झालं ते बघा. मगरीच्या पाठीवर बसणारं माकड मुळातच धोका पत्करतंय, तिचे दात सगळ्यांना दिसताहेत. कासवाला घाबरायचं कारण काय? म्हणून इथला दगा जास्त खोल जातो. कासवीण शेजारणीच्या सल्ल्याने आजाराचं सोंग करते आणि औषध म्हणून माकडाचं काळीज सांगितलं जातं. कासव निघतं खरं, पण पाण्यात त्याचं मन खातं. ते मध्येच थांबतं. माकडाला खटकतं, ते विचारतं, का थांबलास? म्हणजे इथे गर्व औषधालाही नाही. कासव बोलतं कारण त्याच्याने पुढे जाववत नाही. माकडही शांतपणे म्हणतं, आमच्यात मित्राकडे पाहुणं जाताना काळीज घरी ठेवून जायचा रिवाज आहे.

फारसीतून ही धारा उर्दूत आली. शिबिरात एकदा उर्दू माध्यमातली एक मुलगी हट्टाने सांगत राहिली की पाण्यात कछुआ होता, मगर नव्हती. बाकीची मुलं हसली. मी त्या दिवशी तालीम थांबवून तिला तिची गोष्ट पूर्ण सांगायला लावली. तिने आजोबांकडून ऐकलेली ती गोष्ट अंजिराच्या 'डुबुक' आवाजासकट जशीच्या तशी सांगितली. तुमच्या वर्गातही घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं असतील. त्यांना आधी विचारा, घरी ही गोष्ट कशी सांगतात. कुणी 'मोसली' म्हणेल, कुणी 'मोसळे', पण बदलतं ते फक्त नाव नाही. आणि हे या भागाला नवं नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी असलेल्या दुर्गसिंहाने १०३१ च्या सुमारास कन्नडमध्ये पंचतंत्र लिहिलं तेव्हा त्याने विष्णुशर्म्याची परंपरा न घेता वसुभागभट्टाची घेतली. ते कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. म्हणजे कोणतं रूप घ्यावं हा तुमचा प्रश्न इथे हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी सोडवलेला आहे.

पूर्वेकडची रूपं थोडक्यात सांगते. कोरियात कासव ससा आणायला जमिनीवर येतं, कारण समुद्रातल्या नागराजाच्या मुलीला सशाचं यकृत हवंय, आणि पुढच्या गायनपरंपरेत तर राजा स्वतःच आजारी आहे. कासव हुकमाचं ताबेदार, इमानी चाकर. तिथल्या ११४५ सालच्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात ही गोष्ट एका खऱ्या प्रसंगात येते. तेव्हा सिल्ला आणि गोगुर्यो ही तिथली दोन राज्यं होती. ६४२ साली किम चुन्छू नावाचा सिल्लाचा सरदार गोगुर्योच्या राजाच्या कैदेत पडला. त्याने एका दरबाऱ्याला निळं कापड भेट दिलं. दरबाऱ्याने जेवता-पिता त्याला ससा आणि कासवाची ही गोष्ट सांगितली आणि किमला इशारा कळला. राजाला त्याने कळवलं की तुम्ही मागता तो मुलूख द्यायला आमच्या राणीला सांगतो, मला जाऊ द्या. सुटला. यकृत घरी राहिलंय म्हणणारा ससाच तो. पुढे तो सिल्लाचा राजा झाला.

जपानमध्ये गुपित कासव फोडत नाही, जेलीफिश फोडतो, आणि शिक्षा म्हणून त्याला हाडं खिळखिळी होईपर्यंत बडवतात. म्हणून त्याच्या अंगात हाडं नाहीत. म्हणजे मी विचारते तोच प्रश्न त्यांनी गोष्टीच्या मध्यभागी आणून ठेवला: खरं बोलणाऱ्याचं काय होतं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत माकड आणि शार्क आहेत, आजारी आहे शार्कांचा सुलतान. एडवर्ड स्टीअर यांनी १८७० साली छापलेल्या संग्रहात ती आहे, आणि झाडावर परतलेलं माकड शार्कला म्हणतं, मला धोब्याचं गाढव समजलास काय? मग तीच कान-काळजाची गोष्ट येते. इतके समुद्र ओलांडून गाढव माकडाच्या सोबत राहिलं, आणि आपल्या मुलांच्या पुस्तकांतून मात्र ते गळलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मराठीकडे या, कारण तुमचं नाटक मराठीत आहे. आपल्याकडे 'हृदय' आणि 'काळीज' असे दोन शब्द आहेत. संहितेत 'हृदय' लिहाल तर मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र आठवेल. 'काळीज' लिहा. जुन्या मराठीत काळीज म्हणजे यकृतही आणि जिथे माया, भीती, धीर राहतो ती जागाही. मटणाच्या दुकानात कलेजी मागतो ती यकृताचीच. काळीज धडधडतं, काळजाचं पाणी होतं, काळजाचा तुकडा असतो. संस्कृतातलं हृदय आणि कोरियातलं यकृत या एका शब्दात एकत्र बसतात. 'माझं काळीज झाडावर राहिलं' हे वाक्य मराठीत जितकं खरं वाटतं तितकं क्वचितच कुठल्या भाषेत वाटत असेल.

'माकड'ही तपासा. रक्तमुख म्हणजे लाल तोंडाचा. आपल्याकडे लालसर तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. म्हणून तोंडाला काजळ फासू नका, लाल रंग लावा. आणि ते लिंगाचं कोडं: ती मगर, ते माकड. 'मगरीची बायको' म्हटलं की चौथीची मुलं गोंधळतात, आणि 'मगरोबा' केलं की करालमुखाचं गांभीर्य जातं. मी सरळ नावं वापरते, करालमुख आणि रक्तमुख. मुलांना ही नावं अवघड जातील असं मोठ्यांना वाटतं. मुलं दुसऱ्या दिवशी गल्लीत एकमेकांना त्याच नावांनी हाका मारतात.

बायकोच्या पात्राविषयी मात्र सावध राहा. एका वर्षी मी हावरट मगरीण अगदी रंगवून केली. काम करणारी मुलगी गुणी होती, टाळ्या पडल्या. पुढचे कित्येक महिने वर्गातली मुलं तिला 'काळीज दे, काळीज दे' म्हणून चिडवत होती, आणि एके दिवशी तिने नाटकात यायचंच बंद केलं. चूक माझी होती. सगळं पाप मी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकलं आणि करालमुखाला बायकोचं ऐकणारा बिचारा करून सोडलं. तेव्हापासून मी डोहाळ्यांची बायको घेते. आपल्याकडे डोहाळे पुरवायचे असतात, हे प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येक आईला आणि आजीला माहीत असतं. बायको काय मागते यापेक्षा करालमुख 'हो' कसा म्हणतो तिकडे मग सगळ्यांचं लक्ष जातं, आणि ते तिथेच जायला हवं. मैत्री पंचतंत्रातली, डोहाळे जातकातले, असं मिश्रण मी करते. हे मिश्रण चालतं, कारण भर पाण्यातलं उत्तर त्याने बदलत नाही.

चौथ्या पुस्तकातलं मिश्रण चालत नाही, ते याच कारणाने. सुरुवातीच्या वर्षांत मीही तो शेवट केला होता: मगर रडली, माकडाने माफ केलं, दोघं हात धरून नाचले. पूर्वभागातल्या एका गल्लीत गणपतीपुढे प्रयोग होता. नाच संपता संपता पहिल्या रांगेतल्या एका मुलाने मोठ्याने विचारलं, 'मग आता ते परत पाठीवर बसणार का?' माकड झालेली मुलगी गांगरली आणि 'हो' म्हणाली. त्याबरोबर सगळ्या गल्लीतली पोरं ओरडली, 'नको, नको!' त्या पोरांना गोष्ट माझ्यापेक्षा चांगली कळली होती. माफ करणं वेगळं आणि पुन्हा पाठीवर बसणं वेगळं. पंचतंत्रातलं माकड करालमुखाला सल्ला देतं, घर परत मिळवायला मदत करतं, पण झाडावरूनच. झाडावरून खाली न उतरता केलेली मदत, हा शेवट तुम्हाला हवा असेल तर तो मुळातच आहे. नवा रचायची गरज नाही.

तर तुम्ही पंचतंत्राचं रूप घ्या. सुरुवातीला मैत्रीला भरपूर वेळ द्या, वीसपैकी निदान सात मिनिटं. बहुतेक शाळा ती दोन मिनिटांत उरकतात आणि पळापळीला वेळ देतात. मग दग्याने कुणाला काही वाटतच नाही. जानेवारीत जांभळं मिळणार नाहीत, कागदी करा, पण करालमुख घरी जाईल तेव्हा त्याची जीभ जांभळी दिसू द्या. बायकोने ती जीभ बघावी आणि काही बोलू नये. गाढवाची गोष्ट तीन मिनिटांत होते, दोन मुलं आणि एक सिंह पुरतात. समुद्रासाठी निळे टॉवेल, दोन्ही बाजूंनी चार-चार मुलांनी हलवायचे. करालमुखाच्या पाठीवर सोलापुरी चादर, हिरव्या नक्षीची. जेकार्डची नक्षी लांबून खवल्यांसारखी दिसते. माकड त्या चादरीवर खरंच बसू द्या, शेजारून चालू नका देऊ. वजन पाठीवर आलं की करालमुखाचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज बदलतो.

आणि तो मधला क्षण. याबद्दल मला शिकवलं एका आजीने. तिचा नातू माझ्या नाटकात माकड होता. ती दारात सूप घेऊन बीड्या वळायची आणि मी त्याला सोडायला गेले की मला बसवून घ्यायची. तिच्या तेलुगू-मराठी सांगण्यात करालमुख काहीच सांगत नाही. तो रडायला लागतो, रडण्याने त्याची पाठ हलते, आणि माकडाला पाठीवरून कळतं. 'पाठ सांगते, तोंड नाही सांगत,' असं ती म्हणाली, हातातली बीडी न थांबवता. कलीलातलं थांबलेलं कासव तिने कधी ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही तालीम करत होतो ती खोली यंत्रमागाच्या कारखान्याला लागून होती. दिवसभर खटखट, मुलं ओरडून संवाद म्हणायची. एका संध्याकाळी करालमुख समुद्राच्या मध्यावर आला आणि त्याच क्षणी शेजारचे माग बंद पडले, वीज गेली असावी. एकदम शांत. टॉवेल धरलेली मुलं थांबली. करालमुखाचा संवाद होता, 'रक्तमुखा, देवाचं नाव घे.' तो म्हणालाच नाही. त्याचे खांदे थरथरले, आणि वर बसलेल्या मुलाने खाली वाकून, संहितेत नसलेलं, हळूच विचारलं, 'काय झालं रे?'

तेव्हापासून ती जागा आम्ही तशीच ठेवतो. टॉवेल थांबवायचे, ढोलकी थांबवायची, मनात दहा अंक मोजायचे आणि मगच बोलायचं. तुमची मुलं पाचाला बोलून टाकतील, त्यांना दहापर्यंत थांबायला शिकवायला दोन आठवडे लागतील, ते लागू द्या. प्रयोगाच्या दिवशी त्या दहा अंकांत समोर बसलेली मुलं काय करतात ते विंगेतून बघा आणि मला नक्की कळवा.